दाराखालची फट

टिश्यू पेपरची पट्टी आत झुकली.

दाराशी बसलेल्या इंद्रजीतनं ती पुन्हा फटीपाशी धरली. पुन्हा ती त्याच्याच गुडघ्यांकडे आली.

औषध कारखान्यांतल्या स्वच्छ खोल्यांचा दाब राखण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आतला दाब जास्त हवा. मग हवा बाहेर जाते आणि बाहेरची घाण बाहेरच राहते. इथे सगळं उलटं चाललं होतं.

"तुम्हाला वेगळं ठेवावं लागेल," डॉक्टर एवढंच म्हणाले होते. एवढ्या तापानंतर अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नसणार, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आणि बाहेरची हवा थेट अंगावर येत होती.

मालन सिस्टर गाऊन घालून आत यायच्या, बाहेर पडताच तो पिशवीत घट्ट बांधून टाकायच्या. त्यांना त्यानं पट्टी दाखवली.

"हवेचं आम्ही बघतो, साहेब. तुम्ही पेज बघा, गार होतेय."

त्याच्या बायकोला, उत्कर्षाला मात्र त्यांनी दाराबाहेर खुर्ची दिली होती. "बसा खुशाल. इथे काही धोका नाही." चार वर्षांची ऋतिका फरशीवर पालथी पडून फटीतून बघायची. "बाबा, तुझी बोटं दिसली!"

शेवटी त्यानं माधवला फोन लावला. माधव त्याच्याच हाताखाली तयार झालेला. आता या हॉस्पिटलची हवायंत्रणा सांभाळत होता.

"खोली हवा आत ओढतेय, माधव. बाहेर फेकणारा पंखा कमी कर."

"सर, मी परवाच इथे लागलोय. सिस्टरांना विचारू?"

"हवा तुला सिस्टरांनी शिकवली?"

इंद्रजीतनं फोन तोंडाजवळ ओढला.

"मरेन रे मी इथे."

"करतो, सर."

छतातली घरघर मंदावली. पट्टी सरळ झाली, क्षणभर थांबली आणि दाराखालून बाहेर झुकली. इंद्रजीतनं कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. मग तो बराच वेळ खोकत राहिला.

"बाबा, कागद माझ्याकडे आला!" ऋतिकानं गाल फरशीला टेकवला. पट्टी तिच्या नाकाला गुदगुल्या करत होती. ती खिदळली.

मालन सिस्टर ट्रे घेऊन वळणावर आल्या. त्यांची नजर दारावरच्या दाबाच्या काट्याकडे गेली. ट्रे खाली पडला.

"पोरीला उचला!" त्या किंचाळल्या. "त्यांची हवा बाहेर येतेय!"