मुकी वरात

वरात गल्लीच्या तोंडाशी आली आणि एकदम गप्प झाली.

स्वेतोझार मास्तरांनी माडीच्या खिडकीच्या काचेतून पाहिलं आणि समाधानानं मिशीवरून बोट फिरवलं. बँडवाल्यांनी आपली पितळी वाद्यं मुकाट्यानं काखेत घेतली होती. म्हणजे डोंगराकडच्या व्याह्यांनाही शिस्त लावता येते तर!

अट मास्तरांचीच होती. वल्येवो शहरातल्या संगीतशाळेत जन्मभर व्हायोलिन शिकवलेला माणूस. लग्नाला होकार देतानाच त्यांनी बजावलं होतं, "माझ्या गल्लीत बँड वाजणार नाही." जावई ओग्न्येन ड्रागाचेव्होकडच्या डोंगरातला. तिकडे पोर जन्मलं तरी बँड, पोर लष्करातून परतलं तरी बँड. पण मुलगा गरीब स्वभावाचा. "तुम्ही म्हणाल तसं, मास्तर," एवढंच म्हणाला.

इसिदोरा तेवढी कुरकुरली होती. "बाबा, मुलगी घरातून वाजतगाजत निघते हो. एकदाच तर निघायचंय."

"संगीतात निघशील, गोंगाटात नाही," मास्तर म्हणाले होते, आणि दिवाणखान्यात वाजवायला व्हायोलिनची एक तबकडी काढून ठेवली होती. ती आता मंद आवाजात चालू होती. फाटकापर्यंत काही पोचत नव्हती.

माणसाची पारख मास्तर त्याच्या रेडिओवरून करत. लोकगीतं लावतो म्हणून त्यांनी न्हावी बदलला होता. दंतवैद्याकडे अकॉर्डियन सुरू झालं, तेव्हा अर्धवट कोरलेली दाढ घेऊन ते तडक घरी आले होते. आणि शेजारच्या स्तामेनाबाई तर त्यांच्या मते सुधारण्यापलीकडे गेल्या होत्या. दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून ते कुंपणावरून चेऱ्या तोडणाऱ्या पोरीचं गाणं यायचं. "काय काव्य आहे! चेऱ्या काय, कुंपण काय!" म्हणत मास्तर खिडकी अशी धाडकन लावायचे की पलीकडची कपाटातली भांडी वाजायची. स्तामेनाबाई त्यावर हसून म्हणायच्या, "झाली बाई मास्तरांची टाळी!"

तर वरात गल्लीतून पुढे निघाली. काळे सूट, छातीला रोझमेरीची डहाळी, हातात फुलं, खाली माना. वाजत होती ती फक्त बुटांखालची खडी.

वरच्या आळीतले ब्लागोये आजोबा सायकल हातात धरून समोरून येत होते. ते थबकले. टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली, सायकल भिंतीला टेकवली आणि जड पावलांनी वरातीच्या शेपटीला लागले. कुणी काही विचारलं नाही. बोलायची सोयच नव्हती.

फाटकाशी मास्तरांची बायको रोसांदा राकियाच्या, म्हणजे फळांच्या कडक दारूच्या, पेल्यांचं तबक घेऊन उभी होती. लग्नघरी हा पेला आरोळी ठोकून एका घोटात संपवायचा असतो. व्याही पुटपुटत प्यायले. मग ब्लागोये आजोबा पुढे आले. त्यांनी पेला घेतला, तिरका केला आणि दोन थेंब जमिनीवर सांडले. मेलेल्या माणसाच्या नावानं सांडतात तसे.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," ते म्हणाले. रोसांदाचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "फार सोसलं का गं मास्तरांनी?"

रोसांदाच्या तोंडून शब्द फुटेना. आजोबांना वाटलं, दुःख अनावर झालंय.

"रडू नकोस पोरी. तिरसट होता, पण मनानं वाईट नव्हता हो. एकच उणं, बिचाऱ्याला गाणं म्हणून आवडत नसे. गाण्याचा एवढा तिटकारा असलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

काचेआड मास्तरांचं मिशीवरचं बोट तिथंच राहिलं.

कुंपणापलीकडे स्तामेनाबाईंनी हसू आवरायला पिठाच्या हातांनीच तोंड दाबलं. पण दारात पांढऱ्या वेषात उभी असलेली इसिदोरा हसत नव्हती. उंबऱ्यापासून चार पावलांवर, तिच्या लग्नाच्या दिवशी, मेलेल्याच्या नावाचे थेंब मातीत जिरत होते. ती रडलीही नाही. नुसती मान वळवून बापाकडे पाहत राहिली.

मास्तरांनी खिडकी उघडली. ती नेहमीसारखीच धाडकन वाजली.

"मी जिवंत आहे, ब्लागोये!"

आजोबांनी एकदा वर पाहिलं, एकदा पेल्यात पाहिलं आणि उरलेली राकिया घाईघाईनं पिऊन टाकली.

"आणि तुम्ही रे!" मास्तर बँडवाल्यांवर ओरडले. "ती धुडं काय मिरवायला आणलीत? वाजवा!"

"मास्तर, पण तुमची अट..." ओग्न्येन चाचरला.

"अट गेली खड्ड्यात! माझी मुलगी निघालीय घरातून!"

मुख्य ट्रम्पेटवाल्यानं वाद्य ओठांना लावलं, पुन्हा खाली घेतलं. "काय वाजवू, मास्तर? तुमच्या पसंतीचं आम्हाला येत नाही."

"येतं," मास्तर म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "ते चेऱ्यांचं घ्या. आणि तिसरं कडवं गाळायचं नाही. त्यातच ती कुंपण ओलांडते."

बँड असा दणक्यात सुरू झाला की अक्रोडावरचे पक्षी उडाले. इसिदोराचं तोंड उघडंच राहिलं होतं. मास्तर खाली अंगणात आले, तेव्हा तिनं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "बाबा, तुम्हाला तिसरं कडवं कसं ठाऊक?"

"शेजार आहे," मास्तर दुसरीकडे बघत म्हणाले. "कानावर पडतं माणसाच्या."

रोसांदा त्यांच्या कोटाला रोझमेरी टाचत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"पडणारच," ती म्हणाली. "खिडकी दर रविवारी गाणं संपल्यावर लावायची म्हटल्यावर."