घोड्याचे कान

“दगड!” चिंगी ओरडली आणि तिच्या खालच्या घोड्यानं पाय उंच उचलून दगड ओलांडला.

घोडा म्हणजे आजोबा. चिंगी त्यांच्या खांद्यावर, दोन्ही मुठींत त्यांचे दोन कान. उजवा ओढला की घोडा उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. मागून चिंगीची आई बाटली, डबा, लेकीनं काढून टाकलेला स्वेटर असा सगळा संसार घेऊन चढत होती. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, खाली उन्हात लखलखणारी नदी. वाट जेमतेम एका माणसापुरती.

“बाबा, उतरवा आता तिला. कंबर धरली की शेकायला मीच आहे.”

“माझ्या कंबरेला नजर लावू नकोस. तुलाही इथूनच वर नेलंय. आणि तू हिच्या दुप्पट होतीस. खायचीसच तशी.”

तिला हसू आलं. सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती आणि दिवसभर चिंगीला बाबाच सांभाळणार होते. घराची जादा किल्ली तिनं सकाळीच त्यांच्या खिशात घातली होती. बाबांनी खिसा वरून थोपटून पाहिला होता, बक्षीस मिळाल्यासारखं.

“तो बघ आपला लाकडी पूल,” बाबा चालता चालता म्हणाले. “पुलावरून कोण चाललंय बघ, लाल छत्रीवाला!”

“कुठंय?” चिंगीनं विचारलं.

“अगं, तो काय!”

सवयीनं तिनंही खाली पाहिलं. पाण्यात नुसते दोन दगडी खांब उभे होते. पूल हिवाळ्यातच काढून टाकला होता.

थट्टा करतायत, तिला वाटलं. मग तिनं बाबांकडे पाहिलं. ते खाली बघतच नव्हते. चेहरा समोर, किंचित वर, कुणाची चाहूल घेत असल्यासारखा.

“दगड!” चिंगी म्हणाली.

पाय गुडघ्याइतका उंच उठला. दगड लिंबाएवढा होता.

पायथ्यापासून ती या खेळाला हसत आली होती.

तेवढ्यात खाली दरीत एक घार गिरक्या घेऊ लागली. “आजोबा, पक्षी आपल्या खाली!” चिंगीनं कान सोडले आणि दोन्ही हात पसरले. घोडा आपल्या तालात पुढं चालत राहिला. आणि पुढं, वळणावर, वाटेचा लचका तुटून दरीत गेला होता. कठडाही गेला होता.

हाक तिच्या ओठांपर्यंत आली. पण बाबांना हाक मारली की ते जागच्या जागी गर्रकन वळायचे, तिच्या जन्मापासून. पुढं धावावं, तर वाटेत दोघांना जागा नव्हती.

स्वयंपाकघरातून बोलावं तशा आवाजात म्हणाली, “चिंगे, डावा कान.”

चिंगीचे डोळे घारीवरच होते.

“चिंगे, घोडा रुसलाय बघ. डावा कान ओढ. जोरात.”

एक मूठ खाली आली. कान ओढला गेला. बाबा डावीकडे वळले आणि कपारीशी थबकले, नाक डोंगराला टेकेल इतके जवळ.

तिनं लेकीला उचलून कडेवर घेतलं. घट्ट धरलं.

“आई, दुखतंय!”

बाबा वळले नाहीत. एक तळवा त्यांनी खडकावर ठेवला होता.

“किती पुढं होतं?” त्यांनी विचारलं.

“दोन पावलं.”

“हं. आणि पूल?”

“नाहीये, बाबा. काढलाय.”

“मग छत्रीवाला कुठून गेला?” चिंगीनं विचारलं. “आई, आजोबांना मीच सांगते सगळं. पण ते तुला सांगायचं नाही.”

खाली नदीचा आवाज येत होता. बाबांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि वळून पुढं धरली.

“ही ठेव तुझ्याकडे,” ते म्हणाले.

हात तिच्यापासून वीतभर बाजूला, दरीकडे पसरलेला होता. ती लेकीला घेऊन हळूच सरकली आणि त्या हातासमोर जाऊन उभी राहिली.