उगाच घाबरणारी गाडी

एलईडी बल्ब बसवल्यापासून कारचा इंडिकेटर भलत्याच वेगानं टिकटिकायचा. "बल्ब उडालाय असं समजून गाडी उगाच घाबरते," म्हणत हिमांशूनं उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजात टिकटिक पूर्ववत करणारा रेझिस्टर लावून घेतला. "आता खरंच बल्ब उडाला तरी गाडी हूं की चूं करणार नाही. असलंच एखादं आमच्या बायकोलाही बसवा!" हिमांशू म्हणाला, तसा मेकॅनिक माझ्याकडे बघून हसला.

आज मुकुंदवाडीकडे वळताना मागून बाइक धडकली. मागच्या सीटवर आमची लेक स्वराली भेदरून रडत होती आणि बाइकवाला ओरडत होता, "ओ मॅडम, इंडिकेटर द्यायला काय होतं?" मी दिला होता. उतरून पाहिलं, तर मागचा बल्ब उडालेला. हिमांशूला फोन लावला.



"उडाला होता? मग तुला आधी कळलं कसं नाही गं?"