स्वतःची जागा

"मावशी, परवाना वेगळा आणि घाटावर होडी बांधायचं भाडं वेगळं. यंदा दोन्ही तिप्पट," धरणाच्या कचेरीतले साहेब माझ्याच होडीत बसून सांगत होते.

सकाळपासून माझं डोकं तापलं होतं. "पलीकडच्या पोरी शाळेला जातात त्या याच होडीनं. सगळं तुमच्याच घशात घातलं, तर हिला डांबर कशानं लावू?"

"मग घाटावर बांधू नका. स्वतःच्या जागेत ठेवली तर भाडं माफ. आहे का तुमची जागा?"

मी होडी गर्रकन वळवली.

धरणात गाव बुडून चाळीस वर्षं झाली, तरी आम्ही पाण्यावरून जुन्याच वाटेनं जातो. आधी पिंपळाचा पार, मग चावडी, मग देऊळ उजव्या हाताला ठेवून आमची आळी. साहेबांना चहूकडं नुसतं पाणी दिसत होतं. "अहो, कुठं नेताय? मला घाटावर सोडा!" त्यांनी फळी घट्ट धरली. मी वल्ही मारतच राहिले.

आमच्या दारात मी नांगराचा दगड सोडला. दोर सरसर खाली गेला, तळाला टेकला आणि ढिला पडला.

"उतरा साहेब," मी म्हटलं, "घर आलं."