कापडाची तंतुकणिका

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पेशीतली तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, आईनं लेकीला कापडाची शिवून दिली. आतल्या पटलाच्या घड्या घालता घालता तिच्या बोटांची चाळण झाली होती. पण टेबलापुढे छाती पुढे काढून बाबाच उभे!

"आम्ही बापलेकींनी केलंय," आईकडे हात करून ते सगळ्यांना सांगत होते, "हिला काय कळतंय यातलं?"

आईनं एका घडीतून सुटलेला दोरा आत खोचला.

परीक्षक बाईंनी लेकीला विचारलं, "इलेक्ट्रॉन वहन साखळी कुठे चालते गं?"

"आतल्या पटलाच्या घड्यांवर, बाई. पेशीला लागणारी ऊर्जा तिथंच तयार होते."

"मग बाहेरचं पटल काय करतं?"

लेकीनं एकवार बाबांकडे पाहिलं.

 

"विशेष काही नाही, बाई. पुढे उभं राहून आल्यागेल्याला आत घेतं."