कुंपणाबाहेर

हिस्के आत आली तेव्हा तिच्या बापाने, डौवेने, गुलाबी साखरेचा केक कापून ठेवला होता. "या, बंदराच्या मालकीणबाई," म्हातारा म्हणाला. वाडन समुद्रावरच्या त्याच बंदरात चाळीस वर्षं माल उतरवून त्याची फुप्फुसं पार कामातून गेली होती. लेकीची थट्टा करण्यापुरता श्वास मात्र शिल्लक होता.

त्या सकाळीच बंदराला स्वच्छ हवेचं मानांकन मिळालं होतं. बंदराच्या कचेरीत हिस्के त्यासाठी तीन वर्षं राबली. धक्क्याला लागलेली जहाजं आता इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घेत. घोडं अडलं होतं ते ट्रकांपाशी. थंडीत केबिन ऊबदार राहावी म्हणून ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच रांगेत थांबत, आणि धुराचा आकडा काही केल्या उतरेना. शेवटी ऑक्टोबरात हिस्केनेच तोडगा काढला: रांग फाटकाबाहेर लावायची. तपासनीस कुंपणाच्या आतला धूर मोजतात, बाहेरचा नाही. साप मरावा, काठीही तुटू नये.

बाहेर म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बांधालगतच्या रस्त्यावर, थेट बाबांच्या खिडकीसमोर. हे तिला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तपासणीपुरतंच तर आहे, असं ती मनाची समजूत घालत राहिली. आज साहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि जाता जाता सांगितलं की तपासणी दरवर्षी व्हायची आहे, रांग तिथेच राहू दे.

डौवेला यातलं काहीच माहीत नव्हतं. जन्मभर तो खिडकी उघडी टाकून झोपला. ट्रक आल्यापासून ती बंद होती. शेजारी कुरकुरले की म्हणायचा, माझी पोर त्याच कामाला लागलीये, एकदा मानांकन मिळू दे, मग बघा.

"मिळालं ना आता?" तो म्हणाला. "मग उघड ती खिडकी. तुझ्याच हाताने उघड."

हिस्केने कडीवर हात ठेवला. काचेपलीकडे सहा ट्रक घरघरत होते. तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, त्यांना इथे मीच उभं केलंय."

डौवेने एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"मग राहू दे बंदच," तो म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने बशी तिच्याकडे सरकवली. "खा. तुझ्यासाठीच आणलाय."