सातवं औषध

"सहाही फेल," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या आणि काचेची प्लेट उजेडासमोर धरली.

प्लेटमधल्या जेलीवर आजारी माशांतले जंतू पसरले होते. त्यांवर सहा औषधांत भिजवलेल्या कागदाच्या सहा टिकल्या ठेवल्या होत्या. जे औषध लागू पडेल, त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. इथे एकाहीभोवती नव्हतं. जंतू टिकल्यांना खेटून बसले होते. तळेवाला प्लेटवर वाकला. त्याच्या तळ्यात रोज टोपलीभर मासे उलटे होऊन तरंगत होते. अर्धं तळं रिकामं झालं होतं.

प्लेटच्या कडेला मात्र एक जागा स्वच्छ होती. लांबट, अंगठ्याएवढी.

"काका, परवा प्लेटला हात लावलात?"

"हेच का ते जंतू, म्हणून जरा दाबून पाहिलं."

मॅडमनी त्याचा उजवा अंगठा साबणाने तीनदा धुतला आणि नव्या प्लेटवर टेकवला. दुसऱ्या दिवशी ठशाभोवती स्वच्छ वर्तुळ. चोवीस मिलिमीटर. मॅडमनी फॉर्ममध्ये सातवी ओळ आखली आणि लिहिलं: अंगठा, उजवा. लागू.

"सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं तळ्यात बुडवायचा. सात दिवस. मध्येच सोडायचा नाही. आणि डाव्याला हात लावायचा नाही. तो राखीव."

"वीस वर्षांत या अंगठ्यानं घरात एक खिळा ठोकला नाही," बायको म्हणाली. "आणि आता म्हणे औषध!" पण घड्याळ घेऊन काठावर तीच बसली.

तिसऱ्या दिवशी मासे खायला लागले. एकही मेला नाही. चौथ्या दिवशी बायको घड्याळ घेऊन आली, तर हा अंथरुणात.

"अहो, उठा. वेळ झाली."

"बरे झालेत ते. उगाच कशाला? अंगठा बघ कसा सुरकुतलाय."

दहाव्या दिवशी टोपली पुन्हा भरली. या वेळी मोठे मासे होते.

मॅडमनी अंगठा पुन्हा प्लेटवर टेकवून घेतला. सकाळी पाहिलं, तर जंतू ठशावर चढले होते. रेघ न् रेघ भरली होती. मॅडमनी 'लागू' खोडलं.

"किती दिवस बुडवलात?"

"तीन."

मॅडमनी नवी प्लेट पुढे ओढली. "ठीक आहे. डावा आहे अजून. द्या इकडे."

तळेवाल्याने डावा हात खिशात घातला. बायको त्याच्याकडे बघायला लागली.

"डावा रोज मेव्हण्याच्या तळ्यात बुडवतोय," तो म्हणाला. "वरचं तळं. त्याचंच पाणी खाली आमच्याकडे येतं. मासे त्याचे ठणठणीत आहेत, पण म्हटलं, आजार यायच्या आधीच दिलेलं बरं."